टिपणीसांच्या गाडीचं डावं दार

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या त्या तीन मजली इमारतीत हेमचंद्र टिपणीसांच्या बायकोइतकी सुखी बाई दुसरी नाही, असं सगळ्यांचं मत होतं. सगळ्यांचं म्हणजे सुमेधा टिपणीस सोडून सगळ्यांचं. पण ज्याचं सुख त्याला विचारून ठरवायची पद्धत आपल्याकडे नाही.

हे मत बनलं होतं गाडीच्या दारावरून. टिपणीसांची पांढरी मारुती पंचवीसेक वर्षांची. ती फाटकातून आत आली की हेमचंद्रराव इंजिन बंद करत, उतरत, बॉनेटला वळसा घालून डाव्या बाजूला येत, किंचित वाकून हँडल धरत, गुडघा टेकवून दार हलकेच वर उचलत आणि उघडत. मग सुमेधाबाई उतरत. सत्तरी ओलांडलेला नवरा न चुकता बायकोसाठी दार उघडतो, हे दृश्य तळमजल्यावरच्या सीमा कारखानीस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत आणि हातातली कोथिंबीर तशीच धरून उसासा सोडत. सीमाताई म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघाच्या चिटणीस. त्यामुळे त्यांचा उसासा खिडकीपुरता राहत नसे, संध्याकाळपर्यंत सगळ्या संघात फिरून येई.

"काय नशीब काढलंत हो सुमेधाताई," त्या म्हणत. "आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा पेला पुढे केला नाही कधी."

सुमेधाबाई यावर नाक मुरडत आणि जिन्याकडे वळत. लोकांना वाटे, लाजल्या.

खरी गोष्ट अशी की दार मोडलं होतं. आतलं हँडल कितीही ओढा, ते लुळं पडून नुसतं हातात हलायचं. बिजागऱ्या झिजून दार बोटभर खाली बसलं होतं, त्यामुळे बाहेरूनही ते उचलून धरल्याशिवाय सुटत नसे, आणि ती उचलायची कला जगात एकट्या हेमचंद्ररावांना साधली होती. काच उतरवून बाहेर हात घालावा, तर काच फिरवायची मूठ केव्हाच गळून पडलेली, आणि काच घसरू नये म्हणून हेमचंद्ररावांनी फटीत कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका घडी करून कोंबलेली. थोडक्यात, सुमेधाबाई गाडीत बसत स्वतःच्या मर्जीने आणि उतरत नवऱ्याच्या. एकदा त्यांनी मागच्या सीटवर बसून पाहिलं होतं. "मी काय तुझा ड्रायव्हर आहे?" असं म्हणून हेमचंद्ररावांनी जो अबोला धरला, तो चांगला आठवडाभर टिकला.

"दार दुरुस्त करून घ्या," असं त्या पहिल्या वर्षी दर आठवड्याला म्हणाल्या, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा, आणि मग सणासुदीला. उत्तर ठरलेलं असे. "पार्ट मिळत नाही गं, जुनी गाडी आहे. आणि चालतंय की." या 'चालतंय की'चा बाईंना असा तिटकारा होता की शाळेत एखाद्या मुलाने तो उच्चारला असता, तर त्यांनी त्याच्या पालकांना बोलावून घेतलं असतं. नवऱ्याचे पालक बोलावण्याची सोय नव्हती. ते दोघेही फोटोत होते.

सुमेधाबाई मुळातच पटकन किळस येणाऱ्या. हे त्यांच्याबद्दल वाईट म्हणून सांगत नाही. काही माणसं गोडखाऊ असतात, काही रडवी असतात, तशा या. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक संडास, अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीचं नाक एक तर मरतं किंवा तिखट होतं. यांचं तिखट झालं. दादरच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण मुलांच्या लक्षात राहिलं ते नाक. चहाच्या कपाच्या कानाशी सुकलेला ओघळ दिसला की बाईंची उजवी नाकपुडी वर जाई आणि कप परत जाई. मुख्याध्यापकांनी बोट जिभेला लावून कागद उलटला, तेव्हाही ती वर गेली होती. मुख्याध्यापकांनी त्यानंतर स्पंजची डबी आणली.

अशा बाईने आठ-नऊ वर्षं ते दार कसं सोसलं, असं कुणीही विचारील. त्याचं काय होतं, की किळस रोजची झाली की तिला सवय म्हणतात. शिवाय त्यांचा उजवा गुडघा धड वाकत नव्हता, बसमध्ये चढवत नव्हतं, आणि नातेवाइकांकडे जायचं तर गाडीच हवी. गाडी चालवायचा परवाना त्यांनी चाळिशीत काढला होता. पण "क्लच फार कडक आहे, तुला जमायचं नाही" असं म्हणून हेमचंद्ररावांनी चावी जी खिशात ठेवली ती ठेवलीच, आणि परवान्याची मुदत पुढे कपाटातच संपली.

आणि दुसऱ्या बाजूने हेमचंद्ररावांना त्या दाराची गोडी लागत चालली होती. आधी ते नुसतं दार उघडत. मग सीमाताईंच्या खिडकीकडे एक नजर टाकून उघडू लागले. पुढे पुढे उघडल्यावर डावा हात छातीशी नेऊन कमरेत झुकायला लागले, तेव्हा बाईंची नाकपुडी गाडीतच वर गेली होती.

पण या सगळ्याचा कडेलोट झाला तो मे महिन्यात.

दोघं आंबे आणायला दादरला गेले होते. बाजाराच्या तोंडाशी जागा मिळाली, तशी हेमचंद्ररावांनी गाडी लावली. "तू बस. तुझं उतरायचं-चढायचं म्हणजे अर्धा तास. मी दोन मिनिटांत आलो," असं म्हणून त्यांनी चावी काढली, आपल्या बाजूची काच वर केली, दार लावलं आणि ते गर्दीत दिसेनासे झाले.

बाई सकाळी रक्तदाबाची गोळी घेत. त्यातली एक पाणी काढणारी होती. ती घेतली की दुपारपर्यंत चार वेळा तरी जावं लागे, आणि जावं लागलं म्हणजे लागलंच, तिथे मोठेपणा चालत नसे. दोन मिनिटं झाली, दहा झाली. गाडी तव्यासारखी तापली. बाईंनी नवऱ्याला फोन लावला, तर तो समोरच्या कप्प्यात वाजायला लागला. गाडी चालवताना फोन जवळ ठेवू नये, हा हेमचंद्ररावांचा नियम होता आणि तो ते उतरल्यावरही पाळत.

मग त्यांनी हॉर्न दाबला. दादरच्या बाजारात हॉर्न ऐकून मागे वळणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मग त्यांनी हात लांब करून पलीकडचं दार ढकललं. ते वीतभर उघडलं, तेवढ्यात शेजारी अडकलेल्या टेम्पोतल्या माणसाने "ओ आंटी, दरवाजा बंद करो ना, गाडी लगेगी" असं म्हणत ते स्वतःच धाडकन लावून टाकलं. गिअरवरून पाय टाकून पलीकडे जायला गुडघा तयार नव्हता. त्यांनी प्रयत्न केला. पाय मधेच अडकला आणि तो परत ओढून घेताना डोळ्यांत पाणी आलं.

अळूची पानं घेऊन बसलेली एक बाई फुटपाथवरून त्यांच्याकडे बघत होती. सुमेधाबाईंनी काचेवर टकटक केलं, बोटाने दार उघड म्हणून खूण केली. तिने अळूची एक जुडी वर धरली. यांनी मान हलवली. तिने दोन जुड्या वर धरल्या. शेवटी कसंबसं कळून ती उठली, बाहेरून हँडल ओढलं, दोनदा ओढलं. दार उचलून ओढायचं असतं हे तिला कोण सांगणार? लॉक आहे, असं तिने हाताने सांगितलं, हसली, हात हलवला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतर जे दोघं-तिघं जवळून गेले, त्यांनीही गाडीतल्या हात हलवणाऱ्या म्हातारीला बघून गोड हसून हात हलवला.

हेमचंद्रराव आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. ऑफिसातले जुने सहकारी भेटले होते. "पियूष प्यायला नेलं गं त्यांनी. काय सुरेख होतं! तुझ्यासाठी आणणार होतो, पण गाडीत सांडलं असतं." मग त्यांना वास आला. त्यांनी सीटकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मला हाक नाही का मारायचीस?" आणि थोड्या वेळाने, माहीमच्या दिशेला वळताना, "सीटकव्हर धुवायला लागेल आता."

फाटकातून गाडी आत आली. हेमचंद्रराव उतरले, वळसा घालून आले, दार उचलून उघडलं आणि सवयीने झुकले. सीमाताई नेमक्या कढीपत्ता तोडायला बाहेर उभ्या. ओली साडी पाठीमागे पर्सने झाकत सुमेधाबाई उतरल्या, आणि सीमाताई म्हणाल्या, "दृष्ट लागेल हो तुमच्या जोडीला."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसं पुढच्याच आठवड्यात सीमाताई पेढे घेऊन वर आल्या. संघाच्या वर्धापनदिनाला या वर्षीपासून एका आदर्श दांपत्याचा सत्कार करायचा ठरलं होतं, आणि पहिलं नाव टिपणीसांचं. एकमताने. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, दारातच औक्षण. "मी ठरावात दाराचं खास लिहिलंय," सीमाताई म्हणाल्या. "तुम्ही हॉलवर गाडीनेच या. फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, तो क्षण हुकता कामा नये."

हेमचंद्ररावांनी पेढा तोंडात टाकला आणि बोटं चाटली. बाईंची नाकपुडी वर गेली.

"मी येणार नाही," त्या सीमाताई गेल्यावर म्हणाल्या.

"असं कसं? लोक काय म्हणतील?"

"आधी दार दुरुस्त करा. मग येते."

"आता? सत्काराच्या तोंडावर?" हेमचंद्ररावांना ही सूचना खरोखरच विचित्र वाटली. "आणि सांगितलं ना तुला, पार्ट मिळत नाही." मग ते आरशासमोर जाऊन भाषणाची तयारी करू लागले. सुखी संसाराचं दार दोघांनी मिळून उघडायचं असतं, असं त्यात एक वाक्य होतं. ते त्यांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघितलं. बाई आतल्या खोलीत कानावर उशी घेऊन पडल्या होत्या, तरी ऐकू येत होतं. त्या गाडीत आता मरेपर्यंत आपण आतून कडी नसलेल्या खोलीत बसावं तसं बसायचं, आणि वर लोकांनी टाळ्या वाजवायच्या, या विचाराने त्यांना स्वतःचीच शिसारी आली. त्या दुपारी त्यांनी ठरवलं, की जायचं, पण उतरायचं आपल्या हाताने.

त्यांच्याकडे धुण्याभांड्याला सुभद्रा यायची, लालबागहून. सीटकव्हर तिनेच धुतलं होतं आणि धुताना एका शब्दाने विचारलं नव्हतं. बाईंनी विषय काढताच ती म्हणाली, "माझो दीर गाड्यांच्या दारांचाच काम करता, ताई. लालबागच्या पुलाजवळ बसता. बोलवू काय?"

गुरुवारी हेमचंद्रराव गिरगावात मित्राकडे पत्ते खेळायला जात. तिथे गाडी लावायला जागा नाही म्हणून चावी घरी खिळ्याला अडकवून बसने जात, आणि दिवेलागणीपर्यंत परतत नसत. गुरुवारी दुपारी, सीमाताई संघाच्या सभेला गेलेल्या असताना, सुभद्रेचा दीर धोंडू आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, खांद्यावर हत्यारांची गोणपाटाची पिशवी, गालात तंबाखू. आल्या आल्या फाटकाच्या भिंतीवर थुंकला.

"ते आधी धुऊन काढा," सुमेधाबाई म्हणाल्या. "मग गाडीला हात लावा."

धोंडूने सुभद्रेकडे बघितलं. सुभद्रेने बादली पुढे केली. भिंत धुऊन झाल्यावर तो म्हणाला, "बाईनू, साहेबांक विचारल्यात मा? मागाहून माझ्या नावान बोंब नको."

म्हणजे हाही त्यातलाच. "त्या दाराआड मी बसते, साहेब नाही," बाई म्हणाल्या. "उघडा."

धोंडूने दाराच्या आतलं अस्तर सोडवलं आणि ओढून काढलं, तशी बाईंनी पदर नाकाला लावला. दाराच्या पोटात काय नव्हतं? दसऱ्याला काचेला लावलेल्या तोरणातले झेंडू कुजून काळे झाले होते. झुरळांची अंडी होती. आणि तळाशी चिकट, तपकिरी, एकमेकांना धरून बसलेला कागदांचा लगदा होता. खोकल्याच्या गोळ्यांचे कागद. हेमचंद्रराव गाडी चालवताना गोळी तोंडात टाकत, आणि कागद बायकोच्या अंगावरून हात नेऊन त्या काचेच्या फटीत सरकवत. बाईंना वाटे, पत्रिका नीट बसवतायत.

"ह्या काय घाण," धोंडूसुद्धा म्हणाला. दोन बोटांनी त्याने लगदा बाहेर काढला. मग आत डोकं घालून हाताने चाचपत राहिला.

"बाईनू, हँडल मोडलाहा असा कोणी सांगितल्यान तुमका?"

"साहेबांनी. पार्ट मिळत नाही म्हणून."

"काय एक मोडूक नाय. ही बघा."

बाई वाकल्या. हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी लोखंडी कांडी जागेवरून काढून बाजूला बांधून ठेवलेली होती. अगदी व्यवस्थित. आधी चिंधी गुंडाळलेली, वरून तार, तारेला गाठ. चिंधी त्यांच्याच एका जुन्या हिरव्या साडीची होती. आणि ती गाठ तर त्या डोळे मिटूनही ओळखू शकल्या असत्या. हेमचंद्रराव रद्दीचा गठ्ठा त्याच गाठीने बांधत.

"किती वेळ लागेल बसवायला?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच आला, याचं त्यांना नवल वाटलं.

"ह्या? दोन मिनटां."

दोन मिनिटांतच बसली. धोंडूने हँडल ओढलं, खट्ट झालं. "थोडी वाजात बाईनू खड्ड्यांत," तो म्हणाला. "परत चिंधी लावू काय?"

"वाजू दे," बाई म्हणाल्या.

वेळ लागला तो बाकीच्या कामाला. दाराखाली लाकडाचा ठोकळा आणि जॅक लावून धोंडूने ते उचलून धरलं, बिजागऱ्यांतल्या झिजलेल्या पिना ठोकून काढल्या, नव्या घातल्या. बाहेरचं खिळखिळं हँडल बदललं, काचेची मूठ बसवली, लग्नाची पत्रिका काढून सुभद्रेच्या हातात दिली. दार चौकटीत नेमकं कुठे लागतंय ते बघायला त्याला काहीतरी पांढरं हवं होतं. बाईंनी वरून खडू आणून दिला. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या कपाटात खडूची खोकी होती. खडूचा डाग बघून धोंडू चौकटीतला खटका केसभर वर घ्यायचा, पुन्हा लावून बघायचा, पुन्हा सरकवायचा. अखेर दार एका बोटाने लागलं आणि चारही बाजूंची फट सारखी दिसली.

"बसून बघा," तो म्हणाला.

सुमेधाबाई आत बसल्या. दार लावलं. हँडल ओढलं, दार उघडलं. लावलं. उघडलं. त्यांना वाटलं होतं आनंद होईल. आनंद वगैरे काही झाला नाही. हिरव्या चिंधीची गाठ तेवढी डोळ्यांसमोर होती. त्या परत परत उघडत आणि लावत राहिल्या.

"ताई, पुरे," सुभद्रा म्हणाली. "नायतर आजच मोडात."

धोंडू गेल्यावर बाईंनी दारावरची बोटांची निशाणं पुसली नाहीत, उलट मूठभर धूळ उडवून ती झाकली. चावी खिळ्यावर परत गेली.

रात्री जेवताना हेमचंद्रराव आंब्याची कोय चोखत होते. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता आणि तो ते जिभेने वाटेत अडवत होते.

"माझ्या बाजूच्या दारातली कांडी तुम्ही काढून ठेवलीत?" बाईंनी विचारलं.

"कुठली कांडी?" कोय दुसऱ्या बाजूने फिरली. "हां, ती. अगं, फार खुळखुळ वाजायची. खड्डा आला की डोकं उठायचं. मला तसला आवाज सहन होत नाही, तुला माहीत आहे."

"म्हणून काढलीत."

"म्हणून काढली."

"मग मला उतरता येणार नाही, हे लक्षात आलं नाही?"

हेमचंद्ररावांनी कोय ताटात ठेवली. हा प्रश्न त्यांना खरंच कळला नसावा, कारण ते अगदी प्रेमाने म्हणाले, "मी असतोच की उघडायला."

"आणि पार्ट मिळत नाही म्हणालात, ते?"

"तेव्हा नसेल मिळत. जाऊ दे ना, एवढ्या वर्षांनी आता काय? चालतंय की." आणि त्यांनी दुसरा आंबा घेतला.

बाईंनी पान तसंच टाकून हात धुतले. कपट असतं तर भांडता तरी आलं असतं, असं त्यांना मोरीपाशी उभं राहून वाटलं. चिडता आलं असतं, माहेरच्यांना सांगता आलं असतं. पण इथे कपट नव्हतं, द्वेष नव्हता. माणसाला एक आवाज आवडत नव्हता, म्हणून त्याने बायकोला कोंडलं, आणि कोंडलंय हे तो विसरूनही गेला. याची इतकी किळस त्यांना आली की त्यांनी हात तीनदा साबणाने धुतले.

सत्काराच्या रविवारी त्या आधी तयार झाल्या. मोरपंखी साडी नेसल्या, गोळी मुद्दाम घेतली नाही, आणि नवरा शेरवानीची बटणं लावतोय तोवर खाली येऊन गाडीत बसल्या. हेमचंद्रराव आले ते भाषण पुटपुटतच. आपल्याशिवाय ही दार उघडून आत बसली कशी, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"दार तूच लावलंस? नीट लागलं ना?"

"लागलं."

गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात चाक गेलं आणि दारातून आवाज आला, खुळखुळ. हेमचंद्ररावांच्या कपाळाला आठी पडली. "कसला आवाज येतोय?"

"कसला?" बाई म्हणाल्या.

हॉलच्या पायऱ्यांशी सगळी मंडळी उभी होती. सीमाताईंच्या हातात तबक, त्यात निरांजन. दोघांकडे हार, एकाकडे गुलाबपाणी, आणि फोटोवाला गुडघ्यावर बसून नेम धरलेला. "थांब हां, मी येतो," हेमचंद्रराव दबक्या आवाजात म्हणाले. "घाई करू नकोस, फोटो आहे." चावी गाडीलाच राहू देऊन ते उतरले, शेरवानी सारखी केली, आणि बॉनेटला वळसा घालून सावकाश, सगळ्यांना दिसेल असे, चालत आले.

तेवढा वेळ सुमेधाबाईंना पुरला. त्यांनी आपल्या दाराच्या लॉकचं बटण दाबलं. मग हात लांब करून नवऱ्याच्या दाराचंही दाबलं.

हेमचंद्ररावांनी हँडल धरलं. गुडघा टेकवला. उचललं. उचलायला काही नव्हतंच, त्यामुळे त्यांचा तोल किंचित गेला. त्यांनी हसत पुन्हा ओढलं. दार ढिम्म. "सुमा, बटण," ते काचेजवळ तोंड नेऊन हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाले. "बटण वर कर." मंडळी कौतुकाने हसली. या वयातही कशी थट्टा चालते दोघांची, असं कुणीतरी म्हणालं, आणि हारवाल्या बाईने गाडीतल्या सुमेधाबाईंना बघून गोड हसून हात हलवला.

सुमेधाबाईंनीही हसून हात हलवला.

हेमचंद्रराव आता दोन्ही हातांनी ओढत होते. कपाळावर घाम आला होता. मधेच सीमाताईंकडे बघून हसायचे, पुन्हा ओढायचे. वाऱ्याने निरांजन विझलं. सीमाताईंनी काडी ओढून पुन्हा लावलं. फोटोवाल्याचा गुडघा दुखायला लागला असावा, तो उभा राहिला. काचेपलीकडे नवऱ्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, शब्द पोचत नव्हते. दादरला आपलं तोंड बाहेरून असंच दिसलं असेल, हे बाईंच्या मनात आलं. त्यांनी दोन बोटं वर केली आणि काचेला लावली. दोन मिनिटं.

हेमचंद्ररावांनी त्या बोटांकडे पाहिलं. हसू त्यांच्या चेहऱ्यावर तसंच होतं, पण त्याच्यामागे आता कुणी नव्हतं. त्यांनी हँडल सोडलं.

मग सुमेधाबाईंनी पर्स खांद्याला लावली, बटण वर केलं आणि हँडल ओढलं. खट्ट झालं. दार उघडलं तशी हेमचंद्ररावांना दोन पावलं मागे सरकावं लागलं. बाईंनी आधी बरा पाय खाली टाकला, चौकटीला धरलं आणि त्या उभ्या राहिल्या. नवऱ्याने पुढे केलेला हात हवेतच राहिला. एका बोटाने त्यांनी दार लोटलं. ते आवाज न करता लागलं.

"पार्ट मिळाला," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या चढू लागल्या.